दोनदा वजा झालेला फूट

मित्रांनो, मी एक जुना, तोंड मोडलेला टेप आहे. हसू नका! तोंड म्हणजे माझ्या पिवळ्या पट्टीचं पुढचं टोक. उत्तमसिंग मिस्त्रीनं मला यवतमाळच्या दुकानातून आणलं तेव्हा ते चांगलं शाबूत होतं. पुढं एका बांधकामावर माझ्यावर सळई पडली आणि पहिले काही इंच तुटून गेले. दुसऱ्या कुणी मला फेकूनच दिलं असतं. उत्तमसिंग म्हणाला, "कायले फेकू? एक फुटाच्या खुणेपासून धरतो अन् एक वजा करतो." तेव्हापासून माझं काम असंच चालतं. माझे आकडे मात्र चोख आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

बाभुळगावजवळच्या एका खेड्यात उकंडा आणि त्याची बायको मथुराबाई एक खोली बांधत होते. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणून लोक कापूस घरात भरून ठेवत आणि स्वतः ओसरीत झोपत. आदल्या वर्षी अवकाळी पावसात मथुराबाईचं टिनाचं छप्पर गळलं. कापूस भिजून पिवळा पडला आणि व्यापाऱ्यानं हातात घेऊन परत टाकला. म्हणून तिनं उत्तमसिंगला एकच गोष्ट बजावली होती, "मिस्तरीभाऊ, खोली लहान झाली तं चालते. पण स्लॅब गळला नाही पायजे."

स्लॅबला किती माल लागेल हे काढणं काही अवघड नसतं. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही फुटांत घ्यायची आणि गुणायची. पाच इंच जाडी म्हणजे अर्धा फूट नव्हे, तेवढं ध्यानात ठेवायचं. वाळू-गिट्टी मिसळली की सिमेंटच्या एका पोत्यात साधारण साडेपाच घनफूट माल होतो. उत्तमसिंगला हे सगळं तोंडपाठ होतं. पण मापच चुकलं तर गुणाकार काय करणार?

भिंतीच्या एका टोकाला उत्तमसिंगनं माझी एक फुटाची खूण धरली. दुसऱ्या टोकाला उकंडा होता. त्याला सतरा दिसले. माझं मोडकं तोंड त्याला माहीत होतं. भल्या माणसानं मनातच एक वजा केला आणि ओरडला, "सोळा!" इकडे उत्तमसिंगनं सवयीनं आणखी एक वजा केला आणि पंधरा धरले. रुंदीलाही तेच, खऱ्या अकराचे दहा झाले. मी दोघांच्या मधे ताणलेला! बोलता आलं असतं तर तिथंच बोंब ठोकली असती. हिशेब अकराच्या थोडा वर आला, म्हणून पूर्ण बारा पोती ठरली. खरी लागणार होती चौदा. लोखंड आणि माल ओतायच्या खालच्या प्लेटा भिंतीवरच बघून बसवल्या, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात आली नाही.

स्लॅबच्या दिवशी सगळं झकास चाललं होतं. शेवटी दीड फुटाची पट्टी राहिली आणि सिमेंट संपलं. वाळू-गिट्टी ढिगानं उरली होती. बाभुळगावचं दुकान नेमकं बंद. ओला माल ओल्या मालालाच धरतो. सुकल्यावर जोड दिला की तो हमखास गळतो.

"उद्या जोड देऊ," एक मजूर म्हणाला.

"नाही तं इकडचा माल ओढून थर पातळ करू," दुसरा म्हणाला.

"जोड नाही अन् पातळही नाही!" मथुराबाई कडाडली.

उत्तमसिंगनं मला आपटलं. "या मोडक्या टेपानं घात केला!"

मला फार लागलं, मित्रांनो. घाव पट्टीवर नव्हता. तेवढ्यात उकंडानं मला उचललं, भिंतीला लावलं, एक फुटाच्या खुणेपासून पुन्हा सतराच भरले आणि तो पाहतच राहिला. "मिस्तरी, म्या तं एक फूट कमी करूनच सांगतलं होतं."

"अन् म्याही कमी केला," उत्तमसिंग हळूच म्हणाला.

"मंग टेपाले काहून बोलता? एक फूट तुम्ही खाल्ला, एक म्या!"

मथुराबाई तोवर शेजारच्या हंसाबाईकडे धावली होती. हंसाबाईनं बैलाच्या गव्हाणीसाठी दोन पोती सिमेंट ठेवलं होतं. ती म्हणाली, "ने वो बाई. बैल मातीच्या गव्हाणीत खाऊनच राह्यला हाय." पोती आली, माल कालवला आणि पट्टी ओल्यातच भरली.

पुढं फाल्गुनात अवकाळी पाऊस झोडपून गेला. मथुराबाईनं त्याच पट्टीखालच्या कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर काढून गालाला लावला. "कोरडा हाय, अजी! कोरडा हाय!" असं म्हणत ती मटकन खाली बसली आणि रडली.

म्हणून सांगतो मित्रांनो, मोडक्या वस्तूला वापरायचं तर तिचं मोडकेपण सगळ्यांनी मिळून ध्यानात ठेवा. जे दिसतं तेच बोला, वजाबाकी एकाच्याच हाती द्या.

पावसानंतर उकंडानं दोन पोती सिमेंट नेऊन हंसाबाईच्या गोठ्यात टाकलं. गव्हाण मोजायला उत्तमसिंगनं मलाच काढलं. दुसऱ्या टोकावरून उकंडा एवढ्यानं ओरडला की बैल दचकला, "टेपावर सात हाय! म्या काही वजा केलं नाही!"