नानासाहेबांच्या मागची शहरं

गुरुवारी भर सकाळी चिंचवडच्या स्नेहवर्धन सोसायटीच्या हॉलमध्ये अंधार करण्यात आला. त्यासाठी घराघरांतल्या घोंगड्या, सतरंज्या आणि सुमनताईंची एक जुनी नऊवारी खिडक्यांना लागली. सुमनताई सोसायटीच्या सेक्रेटरी. नऊवारीतून ऊन यायला लागलं, म्हणून तिच्यावर कोंडीरामने त्याच्या कंपनीतली ताडपत्री ठोकली. शेजारी कोण बसलंय ते दिसेनासं झालं, तेव्हा कार्यक्रम सुरू झाला असं सर्वांनी धरलं.

फळ्यावर लिहिलं होतं, ‘मी पाहिलेली महानगरे. वक्ते: श्री. गुरुदत्त हर्डीकर. रंगीत स्लाइडसह.’ आता फळाही दिसत नव्हता.

गुरुदत्त आकुर्डीच्या एका गिअर कंपनीत इन्स्पेक्टर. गिअरचे दात मोजायचे, बरोबर असतील तर पास, नसतील तर नापास, हे त्याचं काम. उन्हाळ्यात कंपनीने त्याला वर्क्स मॅनेजर नानासाहेबांबरोबर मशिनं पसंत करायला परदेशी पाठवलं. लंडन, हॅम्बर्ग, पॅरिस, टोकियो. साहेबांनी मशिनं पसंत करायची आणि गुरुदत्तने ती तपासायची, असं ठरलं होतं. गेल्यावर ठरलं की गुरुदत्तने साहेबांचे फोटो काढायचे.

नानासाहेब पहिल्या रांगेत बसले होते, परदेशात घातला तोच सूट घालून. शेजारी रुक्मिणीबाई, त्यांच्या पत्नी. ऑक्टोबरचा उकाडा, वर घोंगड्या. साहेब आतल्या आत शिजत होते, पण गळ्यातला टाय सैल करत नव्हते.

कंपनीतली हेड इन्स्पेक्टरची खुर्ची रिकामी झाली होती. शनिवारी नानासाहेब एका नावावर सही करणार होते. एक नाव गुरुदत्तचं. दुसरं जयसिंगचं, म्हणजे रुक्मिणीबाईंच्या बहिणीच्या मुलाचं. हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. गुरुदत्तची बायको चारुलता त्याला घरातून निघताना म्हणाली होती, “आज फक्त साहेबांचं कौतुक करायचं. शहरं कशी होती ते नंतर मला सांगा.”

लंडन (डाव्या कानाच्या मागे)

पडद्यावर नानासाहेब. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“हे लंडन,” गुरुदत्त म्हणाला.

“कुठंशी?” कोंडीरामने विचारलं. तो चिंचवड गावठाणातला, कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला. प्रोजेक्टर कंपनीचा, म्हणून चालवायलाही तोच.

“साहेबांच्या डाव्या कानाच्या मागे ते राखाडी आहे ना, ते.”

“ते व्हय. मला वाटलं केस हाय.”

“जरा लांबून काढायचा होतास,” सुमनताई म्हणाल्या.

“लांबून माझा बिल्ला वाचता आला नसता,” नानासाहेब खुर्चीतून म्हणाले. कोटावर कंपनीचा बिल्ला होता. पडद्यावर तो जेवणाच्या ताटाएवढा झाला होता आणि शेवटच्या रांगेलाही वाचता येत होता.

“लंडन हे शिस्तीचं शहर आहे,” गुरुदत्त म्हणाला. “साहेबांना तिथे फार मान मिळाला.”

अंधारात चारुलताने सुटकेचा श्वास सोडला.

लंडन (उलटं)

पुढची स्लाइड उलटी लागली. नानासाहेब डोक्यावर उभे. पायांच्या बाजूला बरंच रिकामं राहिलं होतं आणि तिथे एक लाल बस चक्क पूर्ण दिसत होती, चाकं आभाळात.

“राहू द्या, राहू द्या,” मागच्या रांगेतून आवाज आला. “अशीच असू द्या. अशी दिसतीय.”

कोंडीरामने ती नियमाप्रमाणे सुलटी केली. बस कोपऱ्यात जाऊन बसली.

हॅम्बर्ग (दोन पायांमधून)

हॅम्बर्गला नानासाहेबांनी नवे बूट घेतले होते. ते फोटोत आले पाहिजेत आणि बिल्लाही राहिला पाहिजे. म्हणून गुरुदत्तने फुटपाथवर आडवं पडून फोटो काढला. पडद्यावर दोन बूट, त्यांवर दोन पाय, खांबांसारखे वर वर जाणारे, आणि पार वर, फार लांब, एक हनुवटी.

पायांच्या मधे फट होती. फटीत हॅम्बर्ग होतं.

सगळे एका बाजूला कलले. काही पुढे सरकले, जणू पडद्याजवळ गेलं तर पायांच्या पलीकडे डोकावता येईल.

“बंदर दिसतंय,” सुमनताई म्हणाल्या. “क्रेन आहे ती. हो ना?”

“क्रेन आहे,” गुरुदत्त म्हणाला.

“आणि मागं कुत्र्याचं शेपूट हाय,” कोंडीराम म्हणाला.

“बूट चांगले आलेत,” गुरुदत्त घाईने म्हणाला. नानासाहेबांनी मान डोलावली.

पॅरिस (दिसत नाही)

पॅरिसला वारा होता. साहेबांनी ओव्हरकोट घातला होता आणि वाऱ्याने तो दोन्ही बाजूंनी उघडला. पडद्यावर कोट. कोटाचं अस्तर. मध्ये बिल्ला.

“हे पॅरिस,” गुरुदत्त म्हणाला.

“अस्तर सॅटिनचं आहे,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

“मनोरा कुठाय?” सुमनताईंनी विचारलं.

“साहेबांच्या टोपीतून वर टोक निघालंय बघा. ते.”

“मला वाटलं टोपीचाच तुरा हाय,” कोंडीराम म्हणाला.

“पुढे घे,” नानासाहेब म्हणाले.

टोकियो (रिकामं)

कोंडीरामने पुढे घेतलं, आणि पडद्यावर नानासाहेब नव्हते.

रेल्वेचा फलाट होता. पाट्याच पाट्या, आभाळाला जागा न ठेवणाऱ्या. पांढरे हातमोजे घातलेला स्टेशनचा माणूस. एक हिरवी गाडी, नुकतीच सुटलेली.

साहेब नसलेली ही स्लाइड चारुलताने आदल्या दिवशी आठवणीने ट्रेमधून काढून हॉलमधल्या टेबलावर ठेवली होती. कोंडीरामला ट्रेमध्ये एक खाच मोकळी दिसली. स्टोअरच्या माणसाला मोकळी खाच बघवत नाही. त्याने टेबलावरची स्लाइड उचलून तिथे बसवली.

एवढा वेळ लोक साहेबांना चुकवून शहर शोधत होते. आता अख्खं शहर समोर आलं, तर सगळे साहेबांना शोधायला लागले.

“त्या खांबामागे असतील.”

“ते न्हाईत. ते बारीक हाय.”

“अहो,” रुक्मिणीबाई शेजारच्या खुर्चीकडे वळल्या, “तुम्ही कुठे होतात?”

नानासाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वीज गेली.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून विजेच्या दुरुस्त्याही गुरुवारी, हे चिंचवडमध्ये लहान मुलालाही ठाऊक होतं. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून कार्यक्रमासाठीही सगळ्यांनी मिळून गुरुवारच ठरवला होता. आता येईल, मग येईल, म्हणून घोंगड्या काढायला कोणी उठलं नाही.

इथून पुढे या गोष्टीतही दिवे नाहीत. सूट, बिल्ला, चेहरे, काहीच दिसणार नाही. नुसते आवाज.

टोकियो (अंधारात)

रुक्मिणीबाई: काय हो, कुठे होतात?

गुरुदत्त: साहेब खरेदीला गेले होते, वहिनी.

रुक्मिणीबाई: मग माझ्यासाठी काय आणलं?

(पहिल्या रांगेत बूट मागे सरकल्याचा आवाज.)

रुक्मिणीबाई: काहीच आणलं नाही. म्हणजे खरेदीला गेले नव्हते. गुरुदत्तराव, नीट सांगा.

गुरुदत्त: वहिनी, टोकियोत ती हिरवी गाडी आहे. साहेब चढले, दार लागलं, मी खाली राहिलो. साहेबांनी काचेतून हात केला, पुढे, पुढे. म्हणजे शेवटच्या स्टेशनला भेटू.

सुमनताई: बरोबरच आहे. आम्ही लोणावळा लोकलला तसंच करतो. चुकामूक झाली की लोणावळ्याला भेटायचं.

कोंडीराम: तिथनं गाडी जातीया कुठं?

गुरुदत्त: मलाही तसंच वाटलं. मी घाईत पलीकडच्या फलाटावरून चढलो. बसलो शेवटच्या स्टेशनची वाट बघत. ते येईना.

सुमनताई: लांब असेल.

गुरुदत्त: ती गाडी शहराभोवती गोल फिरते. तिला शेवटचं स्टेशन नाही.

(खुर्च्या करकरतात.)

गुरुदत्त: आणि मी उलट्या बाजूने निघालो होतो. त्यामुळे थोड्या वेळाने समोरून साहेबांची गाडी आली. काचेत साहेब. हात पुढे, पुढे. मीही हात केला, हो, पुढे. परत शहर सुरू. गच्च्यांवर वाळत टाकलेल्या गाद्या, काळे कोट घातलेली शाळेची पोरं, सार्वजनिक न्हाणीघराची उंच चिमणी, एका गच्चीवर जाळी लावून चेंडू मारणारे ऑफिसातले लोक. मग पुन्हा साहेब.

चारुलता: अहो, पुरे.

गुरुदत्त: दुसऱ्या वेळी साहेबांना बसायला जागा मिळाली होती. तिसऱ्या वेळी झोप लागली होती, आणि मांडीवर कुणा आजीबाईंची पिशवी. चौथ्या वेळी हातात संत्रं. पुढेपुढे असं झालं, की ती चिमणी आली की मी केस नीट करायचो, आता साहेब येणार म्हणून. एवढं पाठ झालेलं दुसरं शहर नाही माझ्याकडे. चिंचवडही नाही.

रुक्मिणीबाई: संत्रं कोणी दिलं?

नानासाहेब: आजीबाईंनी.

(गुरुदत्तला आत्ता आठवलं, की साहेब पहिल्या रांगेत आहेत.)

नानासाहेब: थांबलास का? सांग. मग कोण उतरलं?

गुरुदत्त: मी, साहेब. एका स्टेशनला उतरून उभा राहिलो. म्हटलं, दोघं फिरत राहिलो तर कंपनीला कळवायला कोणी उरणार नाही. तुमची गाडी आली तशी तुम्हाला उतरवून घेतलं.

नानासाहेब: आणि मी काय म्हणालो?

गुरुदत्त: ‘हे शेवटचं स्टेशन नव्हे.’

(मागच्या रांगेत कोणीतरी तोंडात रुमाल कोंबतं.)

नानासाहेब: आणि आणखी काय म्हणालो? ‘हे कुठे बोलायचं नाही.’ तू बोललास. ठीक आहे. आता सगळ्यांसमोर सांग. गाडीला शेवट नको का? तू इन्स्पेक्टर आहेस. असली गाडी तपासायला आली, तर पास करशील?

चारुलता: (हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं) नाही म्हणा. खुर्ची जाईल.



गुरुदत्त: पास करीन, साहेब. वेळेवर होती. दारं बरोबर लागत होती. गाडीत दोष नव्हता.

नानासाहेब: मग दोष कशात होता?

कोंडीराम: सायबात.

नानासाहेब: कोण बोललं?

कोंडीराम: अंधार हाय, साहेब. दिसंना.

(हसू. आधी मागून, मग मधून, आणि शेवटी पहिल्या रांगेतून.)

नानासाहेब: तू का हसतेस?

रुक्मिणीबाई: मी जयसिंगला हसतेय. त्याला विचारलं असतंत, तर त्याने गाडी नापास केली असती. लगेच. काकांसाठी.

नानासाहेब: मग बरंच की.

रुक्मिणीबाई: काय बरं? उद्या तुम्ही म्हणालात तर तो वाकडा गिअरही पास करेल. माझ्या बहिणीचा मुलगा आहे, मी ओळखते त्याला. एका लग्नात मी विचारलं, भात कच्चा आहे का रे? तर म्हणाला, तुम्ही म्हणाल तसा, मावशी. आणि तोच भात चावत होता, हो. कच्चा.

(टाय सैल केल्याचा बारीक आवाज.)

नानासाहेब: गुरुदत्त.

गुरुदत्त: साहेब.

नानासाहेब: शनिवारी तुझ्या नावावर सही करतो.

(चारुलता उठायला जाते आणि खुर्चीला धडकते.)

नानासाहेब: पण आता पॅरिस सांग. टोकियो सांगितलंस तसं.

गुरुदत्त: साहेब, तुम्ही तिथेच होतात.

नानासाहेब: माझं तोंड तुझ्याकडे होतं. लंडनमध्ये तुझ्याकडे, हॅम्बर्गला तुझ्याकडे, तेही खाली, फुटपाथवर. जिथे जावं तिथे मी तुलाच बघत होतो. टोकियो तेवढं पाहिलं, कारण तू बरोबर नव्हतास. सांग, माझ्या मागे काय होतं?

गुरुदत्त: मीही नाही पाहिलं, साहेब. मी बिल्ला वाचता येतो का तेच बघत होतो.

सुमनताई: म्हणजे दोघं तिथवर गेलात आणि पॅरिस कोणीच पाहिलं नाही?

कोंडीराम: मग आता बघू की. लाइट यायला येळ हाय. नदी असंल.

गुरुदत्त: नदी होती. ओला वास येत होता.

कोंडीराम: पवनेवानी?

गुरुदत्त: रुंद. आणि तिच्यावर घरं असलेल्या होड्या. एका होडीत कोणीतरी कांदा परतत होतं.

नानासाहेब: हां, कांदा. आणि माझ्या मागे कोणीतरी पेटी वाजवत होतं. हलत होतं, कारण आवाज या कानातून त्या कानात गेला.

गुरुदत्त: पेटी गळ्यात अडकवलेली होती. तुमच्या खांद्याशी तिचा कोपरा दिसला होता. लाल.

सुमनताई: पूल?

नानासाहेब: पूल होता. पायांखाली थरथरत होता. मला वाटलं, मीच.

चारुलता: बायका कशा होत्या?

(दोघेही एकदम खोकतात.)

चारुलता: बरं, राहू द्या. झाडं?

गुरुदत्त: झाडं होती. साहेबांच्या टोपीवर एक पान पडलं होतं. मी ते फोटोसाठी काढून टाकलं.

नानासाहेब: पान होतं माझ्यावर? बोलला नाहीस.

रुक्मिणीबाई: आणि भाजीबाजार?

गुरुदत्त: भाजीबाजार आठवत नाही, वहिनी.

रुक्मिणीबाई: एवढं मोठं शहर, भाजीबाजाराशिवाय कसं असेल?

नानासाहेब: होता. अगदी माझ्या मागेच होता.

रुक्मिणीबाई: वांगी कशी होती?

नानासाहेब: गुरुदत्त, वांगी?

गुरुदत्त: पास, साहेब.