खिडकीवाल्या खोलीचं विशेषण

“आत्या, खोलीला बिग म्हणायचं की लार्ज?”

बिंदुमाधव मोबाइल घेऊन शरदिनीआत्याच्या पुढ्यात उभा होता. बँकेतून निवृत्त होऊन त्याला दोनच महिने झाले होते. गंगेकाठी, बालाजी घाटावरच्या राहत्या घरातली एक खोली परदेशी पाहुण्यांना द्यायची होती, आणि जाहिरात इंग्रजीत लागते. कल्पना बायकोची, असं तो सांगे. प्रत्यक्षात पद्मा “असं करू नका हो” एवढंच म्हणाली होती.

आत्याने मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती सरसावून बसली.

“बिग बोलण्यात ठीक. लिहायचं तर लार्ज. ह्यूज म्हटलंस तर तो फिरंगी हत्ती घेऊन येईल.”

“आणि स्पेशस?”

“आत माणूस मोकळा हिंडू शकला पाहिजे. कुणाची रे खोली? ढुंढिराज गणपतीच्या देवळाकडची?”

“हां, म्हणजे... आपल्याच ओळखीतली.”

“बरं. खिडकीतून गंगा दिसते का? ते पहिल्या ओळीत टाक.”

“दिसते,” बिंदुमाधव बोलून गेला.

त्या घरात गंगा एकाच खिडकीतून दिसे. आत्या त्याच खिडकीशी बसली होती.

खालून नाववाल्यांची भांडणं ऐकू येत होती. दोघांनीही ती बराच वेळ लक्षपूर्वक ऐकली.

“मग स्पेशस नको, बिंदू,” आत्या शेवटी म्हणाली. आवाज वर्गातलाच होता. “खाट आहे, दोन कपाटं आहेत, मी आहे. मी हलल्यावर लार्ज म्हणता येईल.”

“जिन्याखालची जागा पण काही वाईट नाही, आत्या. पंखा लावतो. बिल्कुल हवेशीर.”

“तिला टायनी म्हणतात. स्मॉलसुद्धा नाही.”

बिंदुमाधवने मान खाली घातली. ‘लार्ज’ मात्र टाइप केलं.

“फोटो लागत असेल ना?”

“लागतो.”

आत्या उठली. उशाशी वाळत घातलेलं लुगडं तिने काढून घेतलं, चादरीची सुरकुती हाताने सारखी केली, आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.

बिंदुमाधवचा मोबाइल अजून छातीशीच होता.

“झाला का रे?” दाराबाहेरून आवाज आला. “येऊ का आत?”