निळे ठिपके

मित्रांनो, मी एक जुनं कॅलेंडर आहे, सन एकोणीसशे चोपन्नचं. कल्याणच्या एका कापडवाल्यानं गिऱ्हाइकांना फुकट वाटलेलं, त्यामुळे मला फार तोरा नाही. डोंबिवलीच्या चाळीत, शेवंतीच्या खोलीत मला एक खिळा मिळाला.

पहिले दोन महिने मी नुसत्या एकादश्या दाखवल्या. शेवंती मोठी समजूतदार बाई. पण महिन्यातले चार-पाच दिवस तिचं अंग जड होई, भाकरी करपली तरी रडू येई. भांडी आपटी, मग स्वतःलाच दोष देई.

"मला वेड लागतंय गं," ती शेजारच्या आवडाबाई सुइणीला म्हणाली.

"वेड काय तारीख बघून येतं? ज्या दिशी असं होईल, त्या दिशी कुंकवाचा ठिपका दे. कावळा शिवला की फुली मार."

तीन महिन्यांत दिसलं. आधी ठिपके, मग फुली, आणि मागोमाग सारं शांत. फुलीचे दिवस बाई बाजूला बसते, हे घरादाराला ठाऊक. त्याआधीचे दिवस कुणी मोजलेच नव्हते! शेवंती माझ्यासमोर उभी राहून हसली. मग ठिपक्यांच्या दिवसांत ती पापडांचा घाट घालीना. दुपारी घटकाभर पडू लागली. नवऱ्याला, काळुरामलाही तिनं विश्वासानं मला दाखवलं. मी किती फुगलो होतो!

तिथंच घात झाला.

जूनमध्ये चौथी पास झालेल्या लेकीचं, मालनचं, नाव पुढच्या शाळेत घालायचं होतं. काळुराम म्हणाला, "बस झालं. घरी राहू दे तिला."

"नाही. पोर शिकेल." शेवंतीनं आवाजही चढवला नव्हता.

"ठिपके सुरू झाले वाटतं. उतरले की बोलू."

"अहो, आज ठिपका नाहीये."

दुसऱ्या दिवशी होता. निळ्या पेन्सिलीचा. ती शाळेचं बोलली की त्याची पेन्सिल निघे. मी कागद, त्याचा हात कसा धरणार? चाळीतही हसू झालं. "काय काळू, आज वहिनीचा ठिपका काय म्हणतो?"

"हे माझे नव्हेत," एवढंच म्हणून शेवंतीनं मला उतरवलं आणि ट्रंकेत टाकलं. जिनं मला मनातलं सांगितलं, तिच्याच विरुद्ध काळुरामनं मला साक्षीला उभं केलं होतं.

नाव घालायच्या शेवटच्या दिवशी मालनचा दाखला काढायला तिनं ट्रंक उघडली. डोळे वाहत होते.

"बघ, रडतेस," काळुराम म्हणाला. "आज तरी ठिपका आहे ना?"

"आहे. आज खरा आहे. आणि पोर शिकणारच. चल गं मालन."

मालन शाळेत गेली. मित्रांनो, कुणी आपले अवघड दिवस तुम्हाला विश्वासानं दाखवले, तर त्या दिवसांत तिच्या हातातलं काम हलकं करा. तिचा शब्द हलका करू नका. शेवंती अजून दिवस मोजते म्हणे, पण मनातल्या मनात. त्या भिंतीवर तिनं पुन्हा कॅलेंडर लावलं नाही.