न्हाणीतली साहेबी परात

आई गेल्यावर आप्पांनी अंघोळ सोडली, असं गल्लीत कुणी म्हणत असेल तर ते खरं नव्हतं. ते रोज न्हाणीत जात, कडी लावत आणि ओले होऊन बाहेर येत. फक्त पाठ कोरडी असे.

त्यांचा उजवा खांदा कधीचा धरला होता. तांब्या छातीपर्यंत यायचा, पुढे नाही. पाठीवर पाणी आई घालायची, ते "बास गं" म्हणेपर्यंत. आता घरात माझा धाकटा भाऊ सुकुमार, त्याची बायको राजमती आणि बेळगावच्या शाळेतून लांब रजा घेऊन आलेली मी. सुनेनं पाणी घालायचा प्रश्नच नव्हता. सुकुमारनं एकदा तांब्या उचलला, तर आप्पा म्हणाले, "मी काय बैल हाय, धुवायला?" मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तू आपली पुस्तकं वाच."

अर्धवट अंघोळीनं अभिषेकाला उभं राहायचं नाही, म्हणून बस्तीत, आमच्या जैन देवळात, ते गाभाऱ्यापासून लांब, खांबाशी बसून राहत. देवळातून येताना त्यांचा चेहरा तंबाखूचा भाव पडल्यासारखा दिसायचा.

त्या साली इंग्रज साहेबलोक आपापला बाडबिस्तरा आवरायला लागले होते. बेळगावला कॅम्पातल्या एका बंगल्यात लिलाव झाला. आप्पा तंबाखूच्या कामाला गेले होते, ते रिकाम्या लॉरीतून एक चौकोनी, पांढरीशुभ्र, भलीमोठी वस्तू घेऊन परतले. बीड लोखंडाची, वर काचेसारखा मुलामा, मधोमध भोक.

"हे काय आणलंसा?" सुकुमारनं विचारलं.

"परात."

"भोकाची?"

"माणसानं हिच्यात उभं राह्यचं. वरनं झारीसारखं पाणी पडतंय. हात लावायला लागत न्हाय कुणाचा."

शेवटचं वाक्य ते लॉरीकडे बघून बोलले. सुकुमारला वेगळी काळजी होती. न्हाणीच्या भिंतीपलीकडे आमची वखार. भिंतीला ओल आली तर तंबाखूला बुरशी. संध्याकाळी त्यानं स्पष्टच सांगितलं, "आप्पा, बसवा तुमची परात. पण वखारीच्या भिंतीवर पाण्याचा एक डाग दिसला, तर मी ती उचलून म्हशीपुढं ठेवणार."

"ठेव. म्हस तरी उभ्यानं न्हाईल."

भरमू गवंड्याला बोलावलं. भरमूनं परातीभोवती फेरी मारली, मुलाम्यावर टिचकी वाजवली आणि नाद ऐकला.

"असली म्या लई बसवल्यात," तो म्हणाला.

"कुठं रं?" आप्पांनी विचारलं.

"हितं न्हाय. तिकडं."

तिकडं म्हणजे कुठं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानं परात कोपऱ्यात बरोबर बसवली, भोक मोरीच्या वाटेवर आणलं, वर झारीचं तोंड आणि तोटी लावलेली पत्र्याची टाकी चढवली. न्हाणीच्या भिंतींना पांढऱ्या चकचकीत फरशा होत्या. कोल्हापूरच्या एका लग्नघरात बघून आल्यावर आईनं हट्टानं लावून घेतलेल्या. फरशी आणि परात यांच्यामध्ये बोटभर फट राहिली. वखारीत पाणी जाणार ते ह्याच फटीतून.

"चुन्यानं बुजवतो," भरमू म्हणाला. "हिरड्याचं पाणी, बेलाचा गर आणि गुळाचा एक खडा. दगडासारखं व्हतंय."

आप्पा आत गेले आणि गुळाची अर्धी ढेप घेऊन आले.

"आप्पा, खडा म्हणलोतो."

"तिच्या न्हाणीत कंजूषपणा नको."

भरमू माझ्याकडे बघायला लागला, मी फरशीकडे. चुना जरा काळपट दिसत होता, आणि न्हाणीला दिवाळीच्या आदल्या दिवसाचा वास येत होता. भरमूनं बोट चाटलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा खांद्यावर पंचा टाकून न्हाणीच्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. मी मागून डोकावले. परातीच्या भिंतीलगतच्या दोन्ही कडांनी काळी रेघ होती, आणि ती चालत होती.

"मुंग्या," मी म्हणाले.

"दिसतंय मला."

"पाणी सोडलं तर—"

"जीव हायत ते, कांता."

आमच्याकडे विहिरीचं पाणी दुहेरी कापडानं गाळतात आणि कापडातले जीव परत त्याच विहिरीत सोडतात. अशा घरात मुंग्यांच्या अंगावर झारी सोडणं शक्य नव्हतं. आप्पांनी पंचा परत खुंटीला लावला.

मग रोज तेच. आप्पा पंचा घेऊन जात, बघत आणि परत येत. चुना वाळायचं नाव घेत नव्हता, उलट मऊ पडला होता. सुकुमार म्हणायचा, "वरात हालली का?" राजमतीनं हळदीची रेघ ओढली, तर मुंग्या हळदीच्या आतल्या बाजूला अडकल्या आणि आप्पांनी तिच्यावर घरात कधी नव्हे तो आवाज चढवला. भरमूला बोलावलं तर तो म्हणाला, "परातीत काय दोष न्हाय, आप्पा. मुंगीला बी पसंत पडली."

शेवटी बस्तीतले उपाध्ये आले. त्यांनी आधी परात पाहिली, मग टाकी, मग झारीच्या तोंडाची भोकं. "पाणी कोमट पडतंय का गार?" असं विचारून घेतलं. मुंग्यांचा विषय मीच काढला.

"गूळ कुणी घातला?" ते म्हणाले.

"मी," आप्पा म्हणाले.

"म्हणजे आमंत्रण तुमचंच. जेवायला बोलावलेल्यास्नी पानावरनं उठवायचं तर दुसरीकडं पान वाढाय लागतंय, पायगोंडा."

आप्पांना नावानं हाक मारणारे ते एकटेच, म्हणून आप्पांनी ते मनावर घेतलं. परसात पेरूखाली उरलेल्या ढेपेचा चुरा पसरला. मुंग्यांनी दोन्हीकडच्या पंगती सांभाळल्या. शेवटी आप्पा मोरपिसांचा कुंचा घेऊन न्हाणीत उकिडवे बसले. पान नुसतं हुंगून त्याचं शेत सांगणारा तंबाखूचा व्यापारी, डाव्या हातानं मुंग्या वर्तमानपत्रावर सारत होता. कागद भरला की मी तो पेरूखाली नेऊन झटकायची आणि परत आणायची.

"हळू," ते मला म्हणायचे. "पाय मोडतील."

"किती आहेत?"

"असूदेत किती बी."

असं करताना त्यांची पाठ माझ्याकडे असायची. सदऱ्यातून घामानं आणि मळानं झालेला पट्टा दिसायचा. मी कागदावर लक्ष ठेवायची.

फट रिकामी झाल्यावर भरमूनं तो गोड चुना खरवडून काढला. पुन्हा गुळाचं नाव काढल्याबरोबर सुकुमारनं त्याला वखारीतून हाक मारून गप्प केलं. टांगे रंगवणारा यल्लाप्पा गल्लीच्या तोंडाशी राहायचा. त्याच्याकडून मी लांबी आणली, टांग्याच्या लाकडातल्या भेगा ज्यानं भरतात ते सफेत्याचं आणि जवसाच्या तेलाचं मळलेलं पीठ. भरमूनं ते नाकाशी धरलं.

"गोडी न्हाय ह्यात. टिकंल का?"

"गोडी नाही म्हणूनच आणलंय."

सुताचे पेड लांबीत बुडवून त्यानं फटीत कोंबले, वरून लांबी ओढली आणि अंगठ्यानं गुळगुळीत केली. वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. ते ठरवताना आप्पाही हजर होते. तरी रोज सकाळी लांबीवर एक नवा अंगठा उमटलेला असायचा, आणि भरमू येऊन तो पुसायचा.

"घरात कुणाला तरी सही येत न्हाय वाटतं," तो एकदा म्हणाला. आप्पा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

एका सकाळी अंगठा उमटला नाही. लांबी कडक झाली होती.

राजमतीनं बंब पेटवला. आम्ही दोघींनी कोमट पाणी कापडातून गाळून टाकीत चढवलं. सुकुमार सगळी पोती बाजूला सारून वखारीत भिंतीशी जाऊन बसला. आप्पांनी परातीच्या कडा चारही बाजूंनी बघितल्या, कुणी राहून गेलं आहे का म्हणून. मग आत जाऊन कडी लावली.

पाणी पडायला लागलं. आधी परातीवर, ताशा वाजवल्यासारखं. मग आवाज बदलला, मऊ झाला. म्हणजे आता ते अंगावर पडत होतं.

"आक्का," सुकुमार वखारीतून ओरडला, "भिंत कोरडी हाय."

"नीट हात लावून बघ," मी म्हणाले.

"दोन्ही हात लावलेत. गाल बी लावलाय. कोरडी हाय."

राजमती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मलाही हसू आलं. भरमू अंगणात उभा होता, तो म्हणाला, "म्या म्हणलंच हुतं, असली लई बसवल्यात."

पाणी बराच वेळ पडत होतं. मग आतून आप्पांचा आवाज आला. ओरडून नाही, जवळच्या माणसाशी बोलावं तसा.

"बास गं. पुरे आता."

राजमतीचं हसू थांबलं. पाणी पडतच राहिलं.

मी दाराशी गेले. "आप्पा," मी म्हणाले, "डाव्या हाताला तोटी आहे. ती फिरवायची."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले.

तोटी फिरल्याचा आवाज आला नाही. टाकी रिकामी होईपर्यंत पाणी त्यांच्या पाठीवर पडत होतं, आणि मी राजमतीला खुणेनं सांगितलं की बंबात अजून थोडं पाणी घाल.