कापलेला सातवा नियम

मित्रांनो, मी एक जुनी नियमावली आहे. भिंतीवर टांगलेली नव्हे. कोल्हापुरातल्या फुटबॉलवेड्यांच्या मोबाइल ग्रुपवर, नावाच्या खालीच माझा मुक्काम असतो. ग्रुपमधल्या प्रत्येक मोबाइलमध्ये मी आहे, त्यामुळे घरोघरचं मला दिसतं. माझ्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. भांडण पेटलं की तेवढं माझ्याकडे बोट दाखवतात.

मला आकाराममामांनी लिहिलं. मामांनी उभी हयात मैदानावर रेफ्री म्हणून शिट्टी फुंकली. गुडघे गेले, तेव्हा सगळ्या पेठांच्या पोरांना त्यांनी एका ग्रुपवर आणलं. पहिल्याच सामन्यानंतर तिथे एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार झाला. मामा चष्मा सावरून बसले आणि एका बोटाने मला टाइप करू लागले. शिवी द्यायची नाही. हरलेल्यांची टिंगल नको. श्रद्धांजलीचे फोटो टाकू नयेत, त्या माणसाच्या घरी जावं. पहिल्या चुकीला पिवळं कार्ड, दुसऱ्या चुकीला लाल, म्हणजे ग्रुपबाहेर. असं करत सहा नियम झाले. मग थोडं थांबून त्यांनी सातवा लिहिला: लाल कार्ड देण्याआधी त्या माणसाला फोन करावा.

त्यांच्या पत्नी, आक्का, शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आनि फोन कशाला? मैदानावर फोन करत हुतासा व्हय?"

"मैदानावर त्येचं तोंड दिसत हुतं की," मामा म्हणाले.

ते माझे सुखाचे दिवस होते. पृथ्वीराज नावाच्या एका पोराने गोलकीपरला नको नको ते लिहिलं. मामांनी आधी पिवळं दाखवलं. त्याने पुन्हा तेच केलं, तेव्हा लाल देण्याआधी फोन केला. पोरगा फोनवर रडला. त्याची नोकरी त्याच दिवशी गेली होती. मामांनी लाल कार्ड दिलंच, नियम तो नियम. पण दुसऱ्या दिवशी त्याला मिसळ खायला नेलं आणि महिन्याने स्वतःच्या हाताने आत घेतलं. तेव्हा मला माझाच अभिमान वाटे.

पुढे मामा आजारी पडले आणि आक्कांना घेऊन गारगोटीला मुलीकडे, संयोगिताकडे राहायला गेले. ग्रुप विश्वजितच्या हाती आला. पोरगा वाईट नव्हता, नुसता घाईत असायचा. "एवढं कोन वाचतंय? आटपशीर करू," म्हणाला आणि माझा सातवा नियम कापून टाकला. मग धडाधड लाल कार्डं निघू लागली. लोक लिहायचे, वा, आता खरी शिस्त लागली! माझं एवढं कौतुक मामांच्या काळातही झालं नव्हतं. त्या कौतुकाचा मला वीट आला.

एका पहाटे मामा गेले. संयोगिताने त्यांच्या हार घातलेल्या फोटोखाली रक्षाविसर्जनाची वेळ आणि नदीकाठची जागा लिहिली. आक्कांनी तो फोटो मामांच्याच मोबाइलवरून ग्रुपवर टाकायला लावला. ग्रुपवर आठशे माणसं होती. विश्वजित तेव्हा एका लग्नाच्या पंगतीत होता. त्याला धूसर काळी चौकट दिसली, हार दिसला आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसलं. फोटो त्याने उघडलाही नाही. 'श्रद्धांजली टाकू नये, नियम सगळ्यांना सारखा,' असं लिहून, कोणी उघडायच्या आत त्याने तो सगळ्यांसाठी पुसला आणि पिवळं न दाखवताच मामांचा नंबर ग्रुपबाहेर काढला. लगेच पृथ्वीराजने लिहिलं, 'रेफ्रीलाच लाल कार्ड!' खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

रक्षाविसर्जनाला भाऊबंद तेवढे जमले. आक्का मात्र सगळ्यांना थांबवून धरत होत्या. "जरा दम काढा. पेठंतली पोरं येत्यात की. ह्यांची पोरं हायत ती." ऊन चढलं. शेवटी संयोगिताने मोबाइल उघडून बघितला.

"आई, बाबास्नी ग्रुपातनं काढलंय."

"गेलेल्या मानसाला आनि कुठनं काढत्यात गं?" आक्का म्हणाल्या.

संध्याकाळी संयोगिताने विश्वजितला फोन करून सगळं सांगितलं. "एक फोन करायचा हुतासा," एवढंच ती शेवटी म्हणाली. त्याने लगबगीने मामांचा नंबर पुन्हा आत घेतला आणि बातमी टाकली. मग सगळेच हात जोडू लागले. पहिली श्रद्धांजली पृथ्वीराजची होती. त्या दिवशी श्रद्धांजलीसाठी कोणाला पिवळं कार्डसुद्धा मिळालं नाही. घरी जावं हेही त्याच नियमात लिहिलं होतं. गारगोटीला कोणी गेलं नाही.

मामांचा मोबाइल फळीवर थरथरत राहिला.

"फोन हाय का कुनाचा?" आक्कांनी विचारलं.

"न्हाय आई. नुसतं मेसेज."

आक्कांनी मोबाइल पालथा घातला.

मित्रांनो, चुकणाऱ्याला शिक्षा करा, त्यासाठीच माझा जन्म आहे. पण माझा सातवा नियम मला परत द्या. त्याच्याशिवाय मी नुसती हाकलून लावायची काठी आहे. आणि मामांच्या नंबरावर एकदा फोन करा. आक्का तो मोबाइल अजून रोज चार्ज करून ठेवतात.