धोंडाबाईचा पंजा

आमच्या लोणावळ्याच्या इमारतीत बारा महिने राहणारी घरं दोनच. बाकीचे शनिवारी येतात. त्यामुळे सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. मी ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. ‘नको’ म्हणायला मला नेहमीच उशीर होतो.

आम्ही राहायला आलो तरी इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं. त्यासाठी पार्किंगमधल्या ठरावीक जागांना विजेच्या गाड्या चार्ज करायची सोय लागते. नियमावली मी दोनदा वाचली होती. दसऱ्याच्या आधी बिल्डरचा माणूस तुषार आला आणि त्यानं खांबांवर चार पांढऱ्या पेट्या बसवल्या. प्रत्येकीवर हिरवा दिवा. ‘सोय पाहिली, चालू आहे’ असं लिहिलेला कागद त्यानं पुढे केला. वायर कुठून येते हे विचारावं असं मनात आलं, पण आपल्याला यातलं काय कळतं, असं वाटून मी सही केली.

खंडेनवमीला आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या भाजे गावच्या धोंडाबाईनं झाडूची, पाण्याच्या मोटारीची पूजा केली आणि एका पेटीवरही कुंकवाचा पंजा उमटवला. “ही बी हत्यारंच की, आबा.” तिचं मधलं बोट विळ्यानं अर्धं गेलेलं; पंजातही ते अर्धंच उमटलं.

शेजारच्या राजेश्वरीनं त्याच आठवड्यात विजेची स्कूटर घेतली. ती तळेगावच्या एका दवाखान्यात नर्स आहे, रात्रपाळी असते. “काका, तुम्ही सही केलीत म्हणजे नीट बघूनच केली असणार,” ती म्हणाली.

प्रमाणपत्रासाठी नगरपरिषदेची पाहणी झाली. तिसऱ्या दिवशी पेट्या नव्हत्या, खांबावर भोकं होती. राजेश्वरीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली. शनिवारवाल्यांनी त्या वायरचा फोटो ग्रुपवर टाकला आणि आग लागेल म्हणून बंदी घातली. आता ती पहाटे दवाखान्यातून सुटून बसची वाट बघत उभी राहते. स्कूटर खाली धूळ खात पडली आहे. माझ्या सहीच्या भरवशावर घेतलेली.

पंधरा दिवसांनी धोंडाबाई म्हणाली, “आबा, आपल्या पेट्या पलीकडल्या बिल्डिंगीत हायेत. मी तितं बी झाडते. माझा पंजा हाये एकीवर.”

मी गेलो. तिथं आमच्याकडे पाहणी करून गेलेले साहेबच खुर्चीत बसून चहा पीत होते. तुषारनं एक पेटी उघडली होती. आत वायर नव्हती, मीटर नव्हतं. चिकटपट्टीनं बांधलेले दोन सेल आणि दिवा. त्यानं सेल बदलले, झाकण लावलं. मग पंजा दिसला, तसा तो त्यावर थुंकला आणि बाहीनं पुसू लागला. लाल थुंकी झाकणावरून ओघळली. साहेबांनी पाहिलं आणि बिस्कीट बुडवलं.

“काका, तुमच्या वाचनालयात पुस्तकं नाही का फिरत?” तुषार म्हणाला. “तशाच ह्या.”

साहेब हसले. आणि माझ्या तोंडून काय निघालं? “बरं.” त्या थुंकीपेक्षा जास्त किळस मला त्या शब्दाची आली.

घरी येऊन अर्ज लिहिला. तीनदा फाडला. शेवटी सरळ लिहिलं: मी न तपासता सही केली, पेट्या रिकाम्या होत्या, माझी सही मी मागे घेतो. साक्षीदार म्हणून धोंडाबाईला विचारलं.

“मला लिवता येत न्हाई. पंजा चालंल?”

“तिकडचं काम जाईल, बाई.”

“ग्येलं तर ग्येलं. थुकीनं पुसला त्यानं, आबा. पूजेचा व्हता.” तिनं तळहाताला कुंकू लावलं. “अर्धं बोट नीट उटू दे.”

नगरपरिषदेच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज कोपऱ्याला धरून उचलला. तरी त्याच्या बोटाला कुंकू लागलंच. ते त्यानं टेबलाच्या कडेला पुसलं. “ठेवून जा. बघू.”

“पोच द्या,” मी म्हणालो.

“साहेब जागेवर नाहीत. उद्या या.”

‘बरं’ अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि समोरच्या बाकावर बसलो. साडेअकरा वाजले होते. कारकुनानं एकदा वर पाहिलं, थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. मी पिशवीतून नियमावली काढली आणि तिसऱ्यांदा वाचायला घेतली.