हुसेनभाईंचं बोटभर ग्रीस

आखातात, वादी कबीर भागातल्या वर्कशॉपात बेअरिंग कुठलंही असो, बसवण्याआधी हुसेनभाई 'बिस्मिल्ला' म्हणून त्यात बोटभर ग्रीस जास्तीचं भरायचे. ही खोड रत्नागिरीच्या मचव्यांवरची. खाऱ्या हवेत इंजिन टिकवायचं तर हात सैल हवाच. तीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही बेअरिंग जळलं नव्हतं, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत.

२०१६ साली पुण्याची इंजिनिअर अंतरा टर्बाइनचं नवं बेअरिंग चाचणीला घेऊन आली, तेव्हा अर्बाबने, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाने, ते त्यांच्याच हाती दिलं. आत पोलादाऐवजी काळ्याभोर सिरॅमिकच्या, वाटाण्याएवढ्या गोळ्या. "ह्याला ग्रीस नको हं, हुसेनभाई. तेलाचे थेंब पुरे," अंतराने बजावलं. पण जित्याची खोड ती!

चाचणी सुरू झाली. मिनिटाला चाळीस हजार फेरे! तापमानाचा काटा मात्र चढतच गेला आणि अंतराला यंत्र थांबवावं लागलं.

"नापास लिहावं लागणार," ती म्हणाली. तिची दोन वर्षांची मेहनत त्या एका शब्दात बुडणार होती.

हुसेनभाई पुढे आले. गप्प बसले असते तर तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

"लिवू नको, बाय. मी आत बोटभर ग्रीस भरलंय."

"अहो, तेच घुसळून तापलं ना!" अंतरा चिडली, पण बेअरिंग धुवायला स्वतःच बसली. दुसऱ्यांदा थेंबाथेंबाने तेल दिलं, तसा काटा खाली राहिला. मग तिने तेलच तोडलं. खरी परीक्षा हीच होती: तेलावाचून पाच मिनिटं तगायचं.

हुसेनभाईंनी स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावलं आणि मूठ कानाला. तेल तुटलं की पोलाद कसं किंचाळतं, हे त्यांनी जन्मभर ऐकलेलं. इथे मात्र पोटभर पिऊन निजलेल्या तान्ह्याच्या श्वासासारखी एकसारखी गुणगुण. पाच मिनिटं झाली, सहा झाली. त्यांच्या अंगावर काटा आला.

"सुभानल्ला," ते पुटपुटले. असलं काही बघायला आपण जगलो, याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

अंतराने कागदावर 'पास' लिहिलं आणि बेअरिंग बसवणाऱ्याच्या जागी हुसेनभाईंचं नाव घातलं. पहिल्या, तापून थांबलेल्या चाचणीची ओळ खोडायला तिने पेन उचललं, तसा त्यांनी तिचा हात अडवला.

"ऱ्हावदे ती. फुडं माजं नाव लिव, नि कारण लिव. चूक बेअरिंगची नव्हती."